पिंपळाचे गाव, रेणुकेची माती

तिसरीच्या मुलांना परिसर अभ्यासात आपला जिल्हा शिकवावा लागतो. जिल्ह्याच्या चतुःसीमा, नद्या, पिके, तालुक्यांची नावे, आणि मग नकाशावर एकेका ठिपक्यावर बोट ठेवून त्या त्या गावाची महती. जांब म्हणजे समर्थ रामदासांचे जन्मगाव, राजूर म्हणजे गणपती, असई म्हणजे इंग्रज आणि मराठे यांची लढाई, भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. एके वर्षी हा पाठ रंगात आला असता मागच्या ओळीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, आणि पिंपळगाव रेणुकाई म्हणजे काय?"

"मिरची!" कोणीतरी ओरडले आणि सारा वर्ग हसला. मीही हसलो. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "मिरची तर आत्ता आली. त्याच्या आधी काय होतं? काहीच नव्हतं का?"

वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाजवळ असल्या प्रश्नाला तयार उत्तर असायला हवे. माझ्याजवळ नव्हते. कादंबऱ्या लिहिताना मी गावे खुशाल कल्पनेने वसवली, त्यांना वेशी दिल्या, पार दिले, भांडणे दिली. आणि ज्या गावचे पाणी पितो त्याच्याविषयी विचारले तेव्हा खडू हातात धरून गप्प उभा राहिलो. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिराने दिलेले उत्तर आहे असे वाचकांनी समजावे.

नावापासूनच आरंभ करू. पिंपळगाव या नावाची गावे महाराष्ट्रात किती असतील, ते मोजण्याच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. द्राक्षा-कांद्यांचे पिंपळगाव बसवंत नाशिककडे. जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव राजा आणि पिंपळगाव काळे. आणि आमच्याच भोकरदन तालुक्यात पिंपळगाव कोलते. पिंपळ दिसला, त्याच्या सावलीला चार घरे पडली, की पिंपळगाव झाले. पुढे एका पिंपळगावचा माणूस दुसऱ्या पिंपळगावात पोहोचू नये म्हणून प्रत्येकाला एकेक ओळख जोडावी लागली. कोणी देवाचे नाव जोडले, कोणी घराण्याचे आडनाव जोडले. आमच्या गावाने आईचे नाव लावले. रेणुका अधिक आई, ती रेणुकाई.

ही रेणुका म्हणजे जमदग्नीची पत्नी, परशुरामाची माता. माहूरगडावरचे तिचे ठाणे साडेतीन पीठांपैकी एक, हे घरोघरी ठाऊक आहे. पण शब्दाकडे जरा थांबून पाहावे. रेणू म्हणजे मातीचा कण. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या 'लज्जागौरी' या ग्रंथात रेणुका आणि दक्षिणेकडील यल्लम्मा यांचा मोठ्या व्यासंगाने मागोवा घेतला आहे. वारुळाच्या रूपाने पुजली जाणारी ही देवी मुळात भूमाताच होय, असा त्यांचा विचार आहे. म्हणजे आमच्या गावाच्या नावात एक झाड आहे आणि एक माती आहे. राजा नाही, सरदार नाही, लढाई नाही. इतिहास नसलेल्या गावाचे नाव असेच असायचे, असे कोणी म्हणेल. मला वाटते, इतिहासाची पहिली ओळच इथे लिहिलेली आहे. फक्त ती वाचायची कशी, हे आपण विसरलो आहो.

आता माती आलीच आहे तर तिचेही वय सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यांचाच हा काळा पाषाण आणि त्याचीच झिजून झालेली ही काळी जमीन. भोकरदनहून बुलढाण्याच्या बाजूला निघाले, की उत्तरेच्या अंगाला अजिंठ्याच्या डोंगरांची रांग सोबत करते. उंची फारशी नाही; पावसाळ्यात हिरवी आणि एरवी भाजल्यासारखी दिसणारी ही रांग. पण तिचे काम मोठे आहे. तिच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस तापीला मिळून पश्चिमेच्या समुद्राला जातो. अलीकडे पडलेला पूर्णेतून गोदावरीला आणि गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला. गंमत अशी, की डोंगरापलीकडे तापीला मिळणाऱ्या नदीचे नावही पूर्णाच. दोन बहिणी एका घरात जन्मल्या, एकाच नावाच्या ठेवल्या आणि दोन दिशांना दिल्या, तसेच हे झाले. आमची पूर्णा सिल्लोडकडून भोकरदन तालुक्यातून येते, जाफराबादेपाशी केळणेला पोटात घेते आणि पुढे गोदावरीची वाट धरते. जुई, धामणा या आमच्या लहान नद्या. पावसाळ्यात त्या नद्या असतात. चैत्रात त्यांना नदी म्हणणे हा शिष्टाचार असतो.

जिल्ह्याचा पाऊस सरासरीने सहाशे-सातशे मिलिमीटर. सरासरी हा शब्द शेतकऱ्याला फसवा वाटतो तो उगाच नव्हे. एका वर्षी पिके पाण्यात बुडतात, दुसऱ्या वर्षी विहिरीचा तळ दिसतो, आणि हवामानखाते दोहोंची बेरीज करून दोनाने भागते. या पावसावर गाव वसवायचे तर फार हिशेबाने वसवावे लागते. म्हणून आमच्या जुन्या माणसांनी जमिनीचे दोन भाग केले, पांढरी आणि काळी. काळी म्हणजे पिकवायची जमीन. ती वसतीसाठी मोडायची नाही. पांढरी म्हणजे वसतीची. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेणमाती, पडलेल्या भिंती एकावर एक साचून तिचा रंगच पांढुरका होतो आणि ती थोडी उंच होत जाते. म्हणजे गावठाण म्हणून जे उंचवट्याचे दिसते, ती गावाची वहीच होय. पाने एकावर एक रचलेली आहेत, फक्त त्यांवर अक्षरे नाहीत.

इथे थोडे दूरदेशी जाऊन येऊ. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेकडे, इलिनॉय-आयोवाच्या सपाट गवताळ प्रदेशात, लहान लहान खेडी आहेत. त्यांतल्या पुष्कळांना वाढदिवस असतो: अमुक साली पहिला वसाहतवाला आला, तमुक साली टपाल सुरू झाले. १७८५ साली त्यांच्या काँग्रेसने एक कायदा केला आणि सरकारच्या ताब्यात आलेली जमीन दोरीने आखून काढायला घेतली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन; त्याचे सारखे छत्तीस तुकडे; आणि त्यांतला सोळावा तुकडा गावच्या शाळेसाठी राखलेला. मास्तर असल्यामुळे त्या सोळाव्या तुकड्याचा मला हेवा वाटतो, हे कबूल करतो. परंतु त्या आखीव चौकोनांखाली तिथल्या मूळच्या लोकांच्या वाटा, शिकारीची राने आणि गावांची नावे पुसली गेली, हेही विसरून चालणार नाही. वाढदिवस असलेल्या गावाच्या आधी तिथे कोणीतरी होतेच. आमच्या गावाला वाढदिवस नाही, कारण ते कोणी एका दिवशी आखले नाही. पाणी, पिंपळ आणि पांढरी यांनी ते हळूहळू घडवले.

पण वाढदिवस नाही म्हणून वडीलधारे नाहीत असे नव्हे. आमचे तालुक्याचे गाव भोकरदन हे एकेकाळचे भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला ज्या सामान्य स्त्रीपुरुषांनी दाने दिली, त्यांच्या नावांबरोबर त्यांच्या गावांची नावेही दगडावर कोरलेली आहेत; त्यांत भोगवर्धनचे नाव येते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या बाजूची माणसे मध्य प्रदेशापर्यंत दान पाठवण्याइतकी खाऊनपिऊन सुखी होती. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळातले एक भरलेले गाव जमिनीतून वर आले. नाणी, मणी, भाजलेल्या मातीच्या वस्तू निघाल्या. आणि निघाला हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा तुकडा.

या तुकड्याची हकीकत मोठी चटकदार आहे. इटलीत व्हेसुव्हिअस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये पाँपेई हे शहर राखेखाली गाडले. १९३८ साली त्या राखेतून एक भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती निघाली. अंगभर दागिने ल्यालेली एक स्त्री आणि तिच्या दोन बाजूंना दोन लहानग्या दासी. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ही मूर्ती हिंदुस्थानात कुठल्या भागात घडली असेल याचा खल विद्वानांत चालू असतानाच भोकरदनचा तुकडा हाती आला, आणि त्याचे पाँपेईच्या मूर्तीशी साम्य पाहून अनेकांच्या नजरा आमच्या केळणाकाठाकडे वळल्या. पैठणहून उत्तरेला जाणारा व्यापाराचा मार्ग या मुलखातून होता. त्या मार्गावरच्या तांड्यांना धान्य, वैरण, दूध, दोरखंड कोण पुरवीत असेल? आसपासची खेडीच. शहराचा इतिहास मूर्तीत सापडतो. खेड्याचा इतिहास त्या मूर्तिकाराने खाल्लेल्या भाकरीत असतो, आणि भाकर काही उत्खननात सापडत नाही. म्हणून भोगवर्धन पुस्तकात गेले, आणि त्याला पोसणारी गावे बाहेर राहिली.

पुस्तकात गेलेले दुसरे गाव असई. ते तर एका दिवसात गेले. २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा भोकरदन आणि जाफराबाद यांच्या दरम्यान केळणेच्या काठाने पसरल्या होत्या. शिंद्यांच्या कवायती पलटणी दहा हजारांवर, तोफखाना जय्यत, घोडदळ तर हजारोंनी. समोरून आर्थर वेलस्ली आला. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवून जो वेलिंग्टन म्हणून गाजला तोच हा. प्रत्यक्ष झुंजीत उतरलेली त्याची माणसे साडेचार हजारांच्या घरात. नदीचे काठ उभे. वाटाड्यांना विचारले तर म्हणाले, पुढे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले. त्याला नदीच्या अलीकडे एक गाव दिसले आणि नेमके समोर पलीकडच्या काठावर दुसरे गाव दिसले. तो मनाशी म्हणाला, दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत त्या अर्थी त्यांचे येणेजाणे असणार, आणि येणेजाणे असेल तर तिथे नदीला उतार असलाच पाहिजे. उतार होता. फौज उतरली, मराठ्यांच्या डाव्या बगलेवर गेली, आणि संध्याकाळपर्यंत लढाईचा निकाल लागला. इंग्रजांकडील मेलेले आणि जखमी मिळून सोळाशेच्या आसपास. लहानशा फौजेला हे फार झाले. आयुष्यात आपण केलेली सर्वांत उत्तम लढाई कोणती, असे म्हातारपणी विचारले तेव्हा वेलस्लीने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले, असे सांगतात.

आता ऐका. त्या दोन गावांची नावे इंग्रजांच्या वृत्तांतात आली आहेत. एक वरूड, आणि दुसरे पिंपळगाव.

हे मी प्रथम वाचले तेव्हा क्षणभर ऊर भरून आला. वाटले, चला, त्या मुलीला उत्तर मिळाले! पण नकाशा उघडून पाहिले आणि ऊर जागेवर आला. ते पिंपळगाव असईजवळ केळणेच्या काठचे. आमचे तिथून उत्तरेला, डोंगराच्या बाजूचे. नावासारखे नाव होते, एवढेच. दुसऱ्याच्या घरची लढाई आपल्या ओसरीवर आणून बांधण्यात अर्थ नाही. तरीही त्या प्रसंगाने मला एक धडा दिला, आणि तो मी वर्गात दरवर्षी सांगतो. परक्या मुलखातला एक परका सेनापती दोन खेड्यांकडे पाहतो आणि ती वाचतो. ती कुठे वसली आहेत, का वसली आहेत, त्यांच्यामध्ये काय असले पाहिजे, हे त्याला कळते. त्या एका वाचनावर लढाई फिरते. आणि आपण त्याच खेड्यांत जन्म काढतो, पण आपल्याला ती वाचता येत नाहीत. 'आमच्या गावात काही घडलंच नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा खरे म्हणजे एवढेच सांगत असतो, की आम्ही पाहिले नाही.

त्या दिवशी आसपासच्या खेड्यांचे काय झाले ते कोणी लिहून ठेवलेले नाही. सप्टेंबरची अखेर म्हणजे आमच्याकडे पिके उभी असण्याचे दिवस. हजारो घोडी आणि तोफांचे बैल जिथे तळ देऊन होते, तिथे खळ्यावर काय आले असेल, याचा अंदाज शेतकऱ्याच्या पोराला करता येतो.

लढाया संपल्या, तह झाले, आणि आमचा मुलूख निजामाच्या अमलाखाली राहिला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. या एका करारनाम्याने आमच्या गावाचा भूगोल बदलला. भोकरदन तालुका निजामाकडे राहिला, आणि शेजारचा बुलढाणा जिल्हा इंग्रजी अमलात गेला. जिथे पूर्वी नुसते शेताचे धुरे होते, तिथे दोन राज्यांची सरहद्द आली. वऱ्हाडची माणसे आमच्या बाजूला 'मोगलाई' म्हणत. मोगल जाऊन जमाना लोटला तरी हा शब्द गेला नाही.

माझी आजी सांगायची, "माझं माहेर इंग्रजीत अन् सासर मोगलाईत." लहानपणी मला वाटे, ती दोन भाषांविषयी बोलते आहे. पुढे कळले, की ती दोन राज्यांविषयी बोलत होती, आणि त्यांच्यामधले अंतर बैलगाडीने एका दिवसाचेही नव्हते. माहेरी चालणारा रुपया कलदार; सासरचा हाली. सात हाली रुपयांचे सहा कलदार असा ढोबळ हिशेब. तिला अक्षर येत नव्हते, पण हा भागाकार तोंडपाठ होता. दिवाळीला माहेरी गेली, की परतीच्या वाटेवर निजामाचा करोडगिरीचा नाका लागे. आईने दिलेल्या नव्या लुगड्यावर जकात पडू नये म्हणून दोन लुगडी एकावर एक नेसून ती गाडीत बसे. "नाक्यावरचा शिपाई म्हणे, बाई माहेरी जाऊन लई अंगानं भरली!" हे सांगताना ती तोंडाला पदर लावून हसायची. भाऊबीजेची ओवाळणी कलदारात आणि संसार हालीत. इतिहासाच्या पुस्तकात याला हैदराबाद संस्थानाचे स्वतंत्र चलन म्हणतात.

१५ ऑगस्ट १९४७ ला सरहद्दीच्या पलीकडे तिरंगा लागला. अलीकडे नाही. तिच्या माहेरची माणसे स्वतंत्र झाली आणि ती निजामाची रयतच राहिली. पुढचे तेरा महिने रझाकारांच्या धास्तीचे. त्या काळात सरहद्दीलगतच्या पुष्कळ घरांनी बायकापोरे वऱ्हाडातल्या सोयऱ्यांकडे ठेवली. जी सरहद्द लुगड्याला आडवी येत होती, तिच्याच पलीकडे जीवाला आसरा मिळाला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात हा मुक्तिदिन आहे. माझ्या आजीच्या हिशेबी तिला दोन स्वातंत्र्यदिन होते: एक भावाचा, एक तिचा.

त्यानंतर गाव जागचे हलले नाही, पण त्याचा पत्ता मात्र बदलत राहिला. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९८१ ला औरंगाबाद जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातून, वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. आजी एकाच चुलीपुढे बसून तीन राज्यांत आणि दोन जिल्ह्यांत राहिली. कागदही तसेच. मोडीत, फारसीत, उर्दूत आणि मग मराठीत. हे कागद कोणाच्या कामाचे, असे म्हणून पुष्कळ घरांनी ते माळ्यावर टाकले, काहींनी चुलीत घातले. आणि मग २०२३ साली निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाडाभर लोक पणजोबांच्या नावाचा एकेक कागद, १९५४ चे खासरा पत्रक, शाळेचे जुने दाखले हुडकत फिरू लागले. त्या वादाच्या खोलात आपण सणासुदीला जाऊ नये. पण एक गोष्ट खेड्यापाड्यांतल्या माणसाला पहिल्यांदा कळली: जुना कागद म्हणजे रद्दी नव्हे. पणजोबा कोण होते, काय करीत होते, या प्रश्नावर नातवाची वाट अडू किंवा मोकळी होऊ शकते.

आता भुकेचा इतिहास. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, ते त्याचा नुसता उल्लेखही खालच्या आवाजात करतात. ओळीने वर्षे कोरडी गेली होती. खडी फोडण्याच्या आणि रस्त्यांच्या, तलावांच्या कामांवर माणसे हजारोंनी गेली; सुकडी वाटली गेली; याच अनुभवातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. आणि रेशनवर आली मिलो. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकर थापताना चिरे, घशाखाली उतरत नसे, पण तिनेच त्या वर्षी माणसे जगवली. ज्या सपाट, आखीव चौकोनी शेतांचा उल्लेख मी मघाशी केला, त्याच देशाच्या मधल्या भागात ही ज्वारी पिकते. तिथल्या एखाद्या अनोळखी खेड्यातले दाणे आमच्या पाटीत पडले. त्यांना आमचे नाव ठाऊक नाही, आम्हाला त्यांचे नाही. पण दोन खेड्यांची ओळख भाकरीवाटे झाली.

आणि शेवटी, ज्या उत्तराला वर्ग हसला ती मिरची. मराठी माणसाला मिरचीशिवाय जेवणाची कल्पना करवत नाही. परंतु सातवाहनांच्या भोगवर्धनात मिरची नव्हती. देवगिरीच्या यादवांच्या ताटातही नव्हती. मिरची मूळची मेक्सिकोकडची. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला लागले, १५१० साली त्यांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या व्यापाराबरोबर सोळाव्या शतकात ही पाहुणी आपल्याकडे आली. त्याआधी आपला तिखटपणा मिऱ्यांवर, पिंपळीवर आणि आल्यावर चालत असे. आमच्या शेतांतला मकाही तिकडचाच. तेव्हा 'मिरची तर आत्ता आली' असे जे ती मुलगी म्हणाली, ते तिला वाटले त्याहून खरे होते.

ही पाहुणी आमच्या गावात घरधनीण कशी झाली, त्यात मात्र सगळी चतुराई शेतकऱ्याची आहे. इतरत्र लोक पावसाची वाट पाहत असतात, तेव्हा आमच्याकडे वैशाखाच्या उन्हात मिरचीची रोपे लागतात. विहिरीत उरलेले थोडे पाणी, ठिबकची नळी, गादीवाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद. एवढ्या जिवावर रोप जगवायचे. म्हणजे पाऊस सुरू होताहोता पहिला तोडा हाती येतो, आणि बाजारात माल कमी असताना भाव सापडतो. पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार मराठवाड्यात नावाजलेला आहे. दिवसभर बायका तोडणी करतात, दुपारनंतर वाहने येऊ लागतात, संध्याकाळी बाजार भरतो. पोत्यांच्या थप्प्या, तराजू, व्यापाऱ्यांची बोली, हवेत असा ठसका, की नव्या माणसाने शिंकतच आत यावे. आणि रात्री भरलेल्या गाड्या परराज्यांच्या वाटेला लागतात. अजिंठ्याच्या डोंगराला डावलून पूर्वी जे तांडे जात, त्यांच्या जागी या गाड्या आल्या, एवढाच फरक.

पण हा सगळा सुखाचा वृत्तांत नव्हे. पाने चुरडून टाकणारा चुरडा-मुरडा, उभे झाड वाळवणारी मर. एका रात्रीत पडणारा भाव. तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून बांधावर ओतलेला माल. हे सारे मी पाहिले आहे. ज्या वर्षी मिरची साधते, त्या वर्षी शाळेत नवी दप्तरे दिसतात. जेव्हा फसते, तेव्हा हजेरीपटावरची नावे मला न सांगता कमी होतात. कोणी मामाकडे गेलेले असते, कोणी आईबापांबरोबर कामाला. इतिहासाचे पुस्तक राजांच्या मृत्यूवर प्रकरण संपवते. आमच्या हजेरीपटावर प्रकरणे मिरचीच्या भावाने संपतात.

तर मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. मिरचीच्या आधी सरहद्द होती, सरहद्दीच्या आधी तांड्यांची वाट होती, वाटेच्या आधी पिंपळ होता, पिंपळाच्या आधी माती होती. आणि यांतले काहीही संपलेले नाही. भोगवर्धन जमिनीखाली गेले, असई एका दिवसात अमर झाली. तुझे गाव मात्र रोज उठून कामाला जात राहिले, म्हणून त्याला थांबून आपले नाव लिहायला सवड झाली नाही. ते काम आता ज्यांना लिहिता येते त्यांचे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी मुलांना नेहमीचा गृहपाठ दिला नाही. सांगितले, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि आपल्या शेतांची नावे लिहून आणा. ते नाव का पडले, तेही विचारा. सुटीनंतर वह्या आल्या. त्यांत ती मुलगीही होती. तिच्या वहीत पाच शेतांची नावे होती, आणि तिसरे होते 'चिंचेचे'.

मी विचारले, "तिथे चिंच आहे का?"

"नाही गुरुजी. आजोबांनीही पाहिलेली नाही. त्यांच्या आजोबांच्या वेळी होती म्हणतात."

आणि मग वही मिटताना, जणू मलाच समजावून सांगावे तशी म्हणाली, "पण शेताला अजून आठवते."